प्रत्येक काडतुसात डोकावणारा

त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. दोहातल्या आमच्या नेमबाजी क्लबात काडतुसं भरून देणारा हा नाशिककर एरवी गॅस कंपनीत इंजिनिअर आहे. भरताना टेबलावर बारुदीचा एकच डबा ठेवतो, फोन बाहेर ठेवतो आणि प्रत्येक काडतुसात टॉर्च मारून डोकावतो. मध्येच कुणी बोललं, तर कुठे दुप्पट बारूद पडली असेल या संशयाने भरलेली सगळी पुन्हा उघडतो.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी फक्त म्हणालो, "भाऊ, चिमूटभर वाढवा की! दणका बसू दे."

झालं! त्याने माझी सगळी काडतुसं उघडायला घेतली. "शेठ, घासाघीस माझ्याशी करा. रिव्हॉल्व्हर ऐकत नाही."

अल सद्दच्या बाजारात दुकानदारांना भावावरून रडवणारा मी! तणतणत दुसऱ्याकडून दणकेबाज काडतुसं घेतली. स्पर्धेत पहिल्याच गोळीला हात झिणझिणला आणि रिकामं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये असं रुतलं की निघेना. माझी स्पर्धा खलास.

नाशिककर आला. काडतुसाचं जास्त बारुदीने चपटं झालेलं बूड पाहिलं. माझा हात धरून एकेक बोट दाबून पाहिलं.

"पाचही आहेत," तो म्हणाला. "यल्ला शेठ, चला, आता भांडा."