एक हात चिऱ्याचा, एक दुर्बिणीचा

हाताच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्टची नोकरी धरली की किस्से शोधत फिरावं लागत नाही. पेशंटचा हात आपण हातात घेतला की त्याचं तोंड आपोआप सुरू होतं! जयपूरला आल्यापासून इतके साठलेत की आता पोटात मावत नाहीत.

मनगटात नस दबून बोटं बधिर झालेले पेशंट आमच्याकडे फार. नसेवरचा पट्टा कापायचा, एवढंच ऑपरेशन. पण मोठे सर तळहाताला चिरा देऊन कापणार, आणि छोटे सर मनगटाशी बारीक छेद घेऊन आत दुर्बीण घालणार. यावरून दोघांची रोज जुंपलेली!

*

मोठे सर म्हणायचे, "जो आँख से दिखे, वही काटो."

"सर, मुझे स्क्रीन पे आपसे बड़ा दिखता है!"

"स्क्रीन पे तो सीरियल की सास भी बड़ी दिखती है. घर ले आओगे?"

छोटे सर फाइल उचलून तडक निघून गेले.

*

बनी पार्कातल्या एक आजी आल्या होत्या. छोटे सर प्रेमाने म्हणाले, "अम्माजी, दूरबीन से करेंगे."

आजींनी हात मागे घेतला. "बेटा, पास आके ही कर ले. मैं कुछ नहीं कहूँगी!"

*

मोठे सर एका काकांच्या तळहातावर पेनने चिऱ्याची खूण करत होते. काका वाकून बघत म्हणाले, "डॉक्टर साब, काट ही रहे हो तो उमर वाली रेखा भी थोड़ी लंबी कर दो ना!"

मी पडद्यामागे पळाले. हसू आवरेना.

*

मग माझ्याच दोन्ही हातांना मुंग्या यायला लागल्या. एक दिवस चहाचा कप सुटला, तोही नेमका ॲडमिनच्या मॅडमसमोर! लगेच, "आप रिसेप्शन पे बैठ जाइए ना, आराम रहेगा." अकोल्याहून आईचंही तेच, "कशाला हट्ट करतेस? बस ना खुर्चीवर!"

असा संताप आला! पेशंटचा हात हातात घेणं हेच माझं काम. ते सोडून मी काय टोकन वाटू? मॅडमना सांगितलं, "ती खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या. मी हात दुरुस्त करून परत येते."

आता दोन्ही सर मागे लागले, "मुझसे करवाओ!" मी ठणकावलं, "उजवा मोठ्या सरांचा, डावा छोट्या सरांचा. आणि माझ्या हातांवरून भांडलात, तर दोन्ही घेऊन दुसऱ्या दवाखान्यात जाईन!"

*

दोन्ही ऑपरेशनं झाली. उजवा तळवा जास्त दिवस दुखला, डावा लवकर कामाला लागला. पुढे दोन्ही सारखेच वाटायला लागले, पण मी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

तपासणीच्या दिवशी दोन्ही सर हजर. शेजारी मॅडम. "बोलो, कौन सा अच्छा?"

"द्या हात," मी म्हटलं. उजव्याने मोठ्या सरांचा पंजा धरला, डाव्याने छोट्या सरांचा, आणि होती नव्हती ती ताकद लावून दाबले.

"अरे, छोड़ो!" मोठे सर ओरडले.

"पहले मेरा!" छोटे सर.

मी तशीच मॅडमकडे वळले. "मॅडम, ड्यूटी कब से?"