टोपीत मावलेलं

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आता पंचाहत्तरी उलटली आहे. माझ्या तोंडून एक खोटी गोष्ट धारूरभर झाली, ती मीच पुसायला हवी.

धारूरच्या बाजारात माझा एक मित्र शिंपीकाम करायचा. तुमच्यापैकी कुणी त्याच्या दुकानावरून गेलं असेल, तर त्याची एक सवय पाहिली असेलच. कुणी काही दिलं, की तो डोक्यावरची पांढरी टोपी काढून उलटी धरायचा. देवळातला प्रसाद, मूठभर शेंगा, कुणाच्या नातवाच्या बारशाचा पेढा, सगळं टोपीत. "हात लहान हाय," म्हणायचा, "टोपीत जास्त मावतंय."

आम्ही पहिलीपासून शेजारी बसलेले. मी शिकून मास्तर झालो, पुढे मुख्याध्यापक. तो सातवीनंतर बापाच्या मशीनवर बसला. माझ्या टोप्या तोच शिवायचा, टेप न लावता. "तुझं डोकं लई मोठं. कापड जादा लागतंय बे," हे दर टोपीला ऐकावं लागे.

निवृत्तीनंतर मी बीडला घर बांधलं. बालाघाटाच्या डोंगरातली पहिली सीताफळं घेऊन तो दरवर्षी एसटीने तिथे यायचा आणि मी दरवर्षी म्हणायचो, "अरे, कशाला?" मला तो विनय वाटायचा. त्याला ते खटकायचं. "कशाला म्हणून इचारू नको. डोंगरानं मला इचारलं का? आलेलं घे."

त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी भेटायला गेलो. माणूस डोळ्यावरची हिरवी पट्टी कपाळावर सरकवून दोऱ्यांची रिळं मांडून बसलेला. निळे दोन आहेत, इतकी वर्षं मला एकच वाटायचा, असं मला सांगत होता. जणू दुसरा निळा त्याला कुणी भेट दिला होता.

मग माझ्या धाकटीचं लग्न निघालं. बीडचं मंगल कार्यालय, मोठे व्याही. पत्रिकेवर मी छापून घेतलं, 'कृपया आहेर आणू नये.' फार मोठं काही केल्यासारखं वाटलं मला.

तो सकाळच्या एसटीने आला. काखेत कागदात गुंडाळलेला लहानसा पुडा. स्टेजवर येऊन त्याने तो पुढे केला. मी हात मागे घेतला आणि व्याह्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, पत्रिका वाचली नाहीस का, तुझा घेतला तर सगळ्यांचा घ्यावा लागेल.

"वाचली की," तो म्हणाला. "मला वाटलं, ते पाव्हण्यांसाठी हाय."

तो पायऱ्या उतरतच होता, तेवढ्यात तालुक्याचे एक पुढारी आले. त्यांच्या माणसाने चांदीची समई माझ्यापुढे धरली. मी ती दोन्ही हातांनी घेतली, वाकलो, फोटो काढून घेतला. मान वर केली तर शेवटच्या पायरीवर उभा राहून तो पाहत होता. जेवायच्या पंगतीत मी त्याला शोधला. तो गेला होता.

लोकांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं की तो मानपानावरून रुसला आणि न जेवता गेला. ती गोष्ट माझ्याआधी धारूरला पोचली. दुकानात लोक त्याला चिडवत, काय टेलर, मानपान राहिला म्हणं. तो मशीनवरून मान वर न करता म्हणे, "राहिला असंल." समईचं त्याने कुणाला सांगितलं नाही.

त्या वर्षी सीताफळं आली नाहीत. पुढच्याही वर्षी नाही.

तिसऱ्या वर्षी मीच एसटीत बसलो. एक वाक्य ठरवलं होतं, घाट चढेपर्यंत ते घोकत होतो. तो दुकानात होता, पण मशीनवर कापड टाकलेलं. बोलताना धाप लागत होती.

"कावून आलास?"

"सीताफळं आलीत का बघायला," मी म्हणालो.

तो उठला, भिंतीला धरत आत गेला आणि पाच सीताफळं घेऊन आला. मी डोक्यावरची टोपी काढली आणि उलटी धरली. आयुष्यात पहिल्यांदा. त्याने एकेक करून पाचही तीत ठेवली.

"शिकलास बे," तो म्हणाला. मग टोपीची कड चिमटीत धरून पाहिली. "ही कुणी शिवली? कानावर येत आसंल."

बीडच्या दुकानातून तयार आणलेली होती. मी ते सांगितलं नाही. दुपारच्या एसटीने सीताफळं मांडीवर घेऊन परत आलो. वाक्यही माझ्याबरोबरच परत आलं.

संक्रांतीच्या आधी तो गेला. भेटायला गेलो तेव्हा त्याच्या बायकोने ट्रंकेतून तो पुडा काढून दिला. कागद तोच, दोरा तोच, गाठही न सोडलेली. "तुमचंच हाय, भाऊजी. नवरीच्या बापाला नवी टोपी पाहिजे, म्हणून शिवली व्हती."

टोपी मला बरोबर बसते. कानावर येत नाही.

घाटात घोकलेलं वाक्य मोठं नव्हतं. तू रुसून गेला नव्हतास, मी तुला परतवून लावलं होतं. माझं चुकलं बे.