सुगतनं गाडी मऊ केली

शाळेचा परिपाठ संपवून मी वर्गाकडे वळत होतो, तेवढ्यात सुगतच्या बायकोचा, रत्नावहिनींचा फोन आला. “भाऊजी, हे गेले...” एवढंच त्या बोलल्या. माझ्या तोंडून आधी काय निघावं? मी विचारलं, “गाडी कुठं ठोकली?” वहिनी म्हणाल्या, “गाडी घरीच हाय. दुकानाचं शटर उचलता उचलता खाली बसले, ते उठलेच नाही.” त्या दिवशी पांढरकवड्यात ज्यानं ज्यानं बातमी ऐकली, त्यानं त्यानं पहिल्यांदा गाडीचंच विचारलं. सुगत कधी गेला तर त्या गाडीपायीच जाईल, असं साऱ्या गावानं धरून ठेवलं होतं. तो गेला तो पन्नाशीच्या आत, हृदय बंद पडून, आपल्याच दुकानाच्या पायरीवर.

हायवेला लागून त्याचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान. वडिलांनी उभं केलेलं, यानं वाढवलेलं. आम्ही शाळेपासूनचे सोबती. मी मास्तर झालो, तो दुकानदार. त्याला वेड एकच. नागपूरहून त्यानं एक जुनी करडी गाडी आणली होती. दिसायला चार माणसांची साधी घरगुती गाडी, पण इंजिनाची ताकद यानं अशी वाढवून घेतली होती, की पाय जरा जास्त दाबला तर पाठ सीटला चिकटायची. रस्त्यावर तो कधी उडाणटप्पूपणा करत नसे. त्याचं म्हणणं, “हौस करायची तर ट्रॅकवर. इथं लोकायचे लेकरं फिरते.” आणि खरंच तो हैदराबादवरून पुढं पार चेन्नईकडच्या रेस ट्रॅकवर गेला. तिथं हौशी लोकांना दिवसभर आपापली गाडी पळवता येते.

त्या पहिल्या फेरीत तो ट्रॅकच्या कडेच्या वाळूत गेला. थोड्या चकरा झाल्या न झाल्या, ब्रेकचं तेल तापून उकळलं, पायाखालचं पेडल लोण्यासारखं खाली गेलं आणि गाडी वळणाऐवजी सरळ निघाली. लागलं काहीच नाही. पण परत आल्यावर आठवडाभर त्यानं गाडीला हात लावला नाही. मग एक दिवस मला म्हणाला, “ताकद वाढवली बे, पन थांबवाचं शिकलोच नाही मी.” पुढचं वर्षभर तो थांबण्याच्याच मागं होता. ब्रेकच्या मोठ्या डिस्क आल्या, त्यांना आवळून धरणारे जाड कॅलिपर आले, उष्णता सोसणारे पॅड आणि तेल आलं. वळणावर गाडी कलंडू नये म्हणून कडक स्प्रिंगा आणि घट्ट शॉकअप आले. सगळं त्यानं दुकानामागच्या शेडमध्ये स्वतः बसवलं. नवे पॅड डिस्कवर बसावेत म्हणून सकाळी मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा, ब्रेक दाबायचा, पुन्हा वेग घ्यायचा... मी शेजारी बसून डोळे मिटायचो. पॅड जळाल्याचा वास गाडीत भरायचा आणि हा खिडकी उघडून हसायचा. “पाह्य मास्तर, आता थांबते!” थंड असताना ते ब्रेक असे किंचाळायचे, की बाजारात म्हशीसुद्धा वळून बघायच्या.

पुन्हा ट्रॅकवर जायचा दिवस ठरला आणि त्याच्या मायच्या किडन्या गेल्या.

आठवड्यातून दोनदा यवतमाळ, डायलिसिस. सुरुवातीला भाड्याची गाडी केली. पण तो ड्रायव्हर प्रत्येक स्पीडब्रेकरवर शेवटच्या क्षणी ब्रेक दाबायचा, आणि सुया काढून थकलेली माय रस्त्यात ओकायची. तिनंच सांगितलं, “मले तुह्याच गाडीत ने बाप्पा.” सुगत हरखला. पण त्याच्या गाडीत बसणं म्हणजे पाटावर बसून डोंगर उतरणं. रस्त्यातला खडा मणक्यात कळायचा. माय एका शब्दानं बोलली नाही. दोन-तीन फेऱ्यांनंतर त्यानं आरशात पाहिलं, तर ती दारावरच्या कडीला दोन्ही हातांनी लटकून, सीटवरून अंग उचलून धरून बसलेली.

त्या रविवारी मी शेडमध्ये गेलो, तर गाडी जॅकवर. चारही कडक स्प्रिंगा काढून भिंतीशी लावलेल्या आणि तो कंपनीच्या मूळच्या मऊ स्प्रिंगा बसवून राहिला होता. मी म्हणालो, “इतकी मेहनत घेतली अन् काहून काढून राह्यला?” तो मान वर न करता म्हणाला, “ब्रेक ठेवतो. बाकी मायचं.”

मायची दुखणी तीन वर्षं चालली. त्या काळात मी कितीदा तरी त्यांच्यासोबत गेलो. ट्रॅकवर वेग उतरवताना ब्रेकवरचा पाय कसा हळूहळू सोडायचा, हे जे तो वाळूत जाऊन शिकला होता, ते त्यानं सगळं त्या रस्त्यावर ओतलं. ब्रेकर लांबून हेरायचा, आधीच दाबायचा, आणि गाडी थांबायच्या ऐन घडीला पाय अलगद उचलायचा. माय मागं झोपलेली असायची, मान जराही हलायची नाही. एकदा दवाखान्याच्या दारात गाडी उभी राहून बराच वेळ झाला, तरी तिला कळलं नाही. जागी झाली तेव्हा म्हणाली, “निघालो नाही काय रे अजून?”

ट्रॅकवरच्या मित्रांचे फोन यायचे. तो दर वेळी म्हणायचा, “पुढच्या खेपेस.” मी ऐकायचो, आणि वाटायचं, याचं वय निघून चाललंय. त्याच्या हातात जे होतं ते या गावात दुसऱ्या कोणाच्या हातात नव्हतं.

माय गेली. वर्ष उलटल्यावर मीच मागं लागलो. कडक स्प्रिंगा चढल्या आणि आम्ही दोघं ट्रॅककडे निघालो. मी कठड्यापाशी उभा राहून पाहत होतो. गाडी सुंदर चालत होती, वळणं रेघेत घेत होती... पण त्याच्यापेक्षा कमी ताकदीच्या गाड्या त्याला मागं टाकून जात होत्या. दुपारी तो हेल्मेट काढून माझ्याजवळ आला. चेहरा घामानं भिजलेला. म्हणाला, “ब्रेक दाबता येऊनच नाही राह्यलं बे जोरात. दर वळनावर वाटते, माय मांगं बसली हाय.”

मी म्हटलं, “सवय आहे. जाईल. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा येऊ.” तोही हो म्हणाला, मनापासून म्हणाला. परतीच्या साऱ्या वाटेवर तो त्याच ट्रॅकबद्दल बोलत होता; कोणत्या वळणावर कुठं चुकलं, पुढच्या वेळी कुठं दाबायचं. इतका आनंदात मी त्याला कितीतरी दिवसांनी पाहत होतो.

तो हिवाळा आला नाही. मध्येच त्याला यवतमाळच्या बसस्टँडवर आडेकाका दिसले. मायच्याच पाळीला, शेजारच्या खाटेवर डायलिसिस घेणारे, आमच्याच रस्त्यावरच्या बंजारा तांड्यातले. दवाखान्यात झोपून माय आणि ते तासन्‌तास पऱ्हाटीच्या, कापसाच्या गोष्टी करायचे. दुखरा हात पोटाशी धरून ते एसटीची वाट पाहत बसले होते. सुगतनं त्यांना घरी सोडलं, आणि त्या रविवारी काकांसाठी मऊ स्प्रिंगा बसवायला गाडी पुन्हा जॅकवर चढली. मी चिडलो. “अबे, आता तरी स्वतःसाठी जग ना! तू कोण लागते त्यायचा?” तो हसला. “ट्रॅक कुठं पळून जाते काय? काकाचं पाहून मंग जाऊ ना.”

हे पाहून, मग जाऊ... आम्ही दोघांनीही तेच मानलं. काका राहिले, तोच गेला.

सुगतच्या स्मरणाच्या, पुण्यानुमोदनाच्या दिवशी काका मागच्या ओळीत बसून होते. जेवलेही नाहीत. लोक पांगल्यावर रत्नावहिनींनी गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. म्हणाल्या, “शनवारी काकाची पाळी हाय. यायनं सांगतलं नसलं तरी तुमाले ठावं हाय.” शनिवारी शाळा सकाळची असते. तेव्हापासून मीच नेतो. बुधवारी काकांचा पुतण्या मोटारसायकलवर नेतो.

परवा घाम पुसत मी त्यांना तांड्याच्या तोंडाशी उतरवलं. सारा रस्ता ब्रेकर हेरत आलो होतो, आधीच दाबत, जपून सोडत. काका उतरले, दार लोटलं, मग पुन्हा खिडकीशी वाकले. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, समजूत घातल्यासारखं म्हणाले, “मास्तर, तुमी बी चांगलीच चालवता. फकस्त... गाडी थांबली की समजते.”