बर्फावरचा दुसरा भाग

सिनेमाचा दुसरा भाग बघताना मी पाच वेळा उठले. एकदा पाणी प्यायला, एकदा गॅस बंद आहे ना ते बघायला, एकदा दाराची कडी तपासायला, आणि दोन वेळा कशासाठीच नाही. तिसऱ्यांदा उठले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आगं, बस की जरा. तू मदी आलीस की मला बर्फ दिसंना."

सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडे तशीच पद्धत आहे. त्यांचं माहेर वैरागचं, सगळं आयुष्य सोलापुरात. बर्फ त्यांनी बघितला तो फ्रीजमधला आणि लग्नाकार्यातल्या सरबतातला. तरी बर्फावर नाचणाऱ्या माणसांच्या त्या सिनेमाचं वेड आमच्या घरात आणलं ते त्यांनीच.

त्याला चौदा वर्षं झाली. माझ्या लग्नानंतरचा पहिला उन्हाळा होता. नवऱ्याला पुण्याला नोकरी लागून तीन आठवडे झाले होते आणि मला इथल्या शाळेत गणित शिकवायचं काम नुकतंच मिळालं होतं. एकदोन वर्षांत तो इकडे येईल, नाहीतर मी तिकडे जाईन, असं बोलणं झालेलं. एका दुपारी लादीवर पाणी शिंपडून आम्ही दोघी कूलरपुढे आडव्या पडलो होतो. आत्या रिमोटची बटणं दाबत होत्या आणि एका चॅनेलवर अचानक पांढरंशुभ्र मैदान आलं. परदेशी सिनेमा, हिंदीत डब केलेला.

"ऱ्हाऊ दे हे," त्या म्हणाल्या, "बगूनच गार वाटतंय."

गोष्ट साधी होती. बर्फावर जोडीने नाचणारी एक मुलगी, तिचा जोडीदार तिला सोडून जातो. स्पर्धा तोंडावर आलेली. त्याच मैदानावर बर्फ सारखा करायचं यंत्र चालवणारा एक माणूस लहानपणी स्केटिंग शिकलेला असतो. नाइलाजाने ती त्याला बरोबर घेते. तो तिला उचलतो, तोल जातो, तिचा खांदा निखळतो. मग कितीतरी दिवस ती त्याच्याशी बोलत नाही. एका सकाळी तो यंत्र चालवत असताना ती येते, बर्फावर उभी राहते आणि नुसता हात पुढे करते. तो यंत्र तिथंच सोडून उतरतो. उड्या नाहीत, गिरक्या नाहीत, दोघं हात धरून मैदानाला एक फेरी मारतात.

"बोलली न्हाई बग," आत्या दर वेळी सांगायच्या. "बोलली आसती तर नासलं आसतं सगळं."

शेवटी स्पर्धेत त्यांचा चौथा नंबर येतो. दोघं गाड्या लावायच्या जागी बसून कागदातलं काहीतरी खातात, हसतात आणि सिनेमा संपतो. टीव्हीवर लागेल तेव्हा आम्ही तो बघितला, दहा वेळा तरी. आधीआधी मीही आत्यांना हसायचे. नंतर त्या हाताच्या प्रसंगाला आम्ही दोघी गप्प व्हायचो. नवरा महिन्यातून दोन शनिवार यायचा. "परत तेच?" म्हणायचा आणि आत जाऊन झोपायचा. एकदोन वर्षांची चौदा कधी झाली ते आम्हाला कळलं नाही. मूल झालं नाही. माझी शाळा सुटली नाही, त्याचं पुणं सुटलं नाही.

सिनेमाचा दुसरा भाग आलाय हे आत्यांना वैरागच्या भाचीनं फोनवर सांगितलं. आता तो थिएटरला नाही, मोबाइलच्या ॲपवर येतो आणि तिथून टीव्हीवर लावता येतो, हे मी त्यांना समजावलं. रविवारची दुपार ठरली. आत्यांनी सकाळीच शेंगा भाजून ठेवल्या.

त्या रविवारच्या दोन आठवडे आधी नवऱ्याचा फोन आला होता. शाळेची मधली सुट्टी होती, मी व्हरांड्यात उभी होते.

"मला वाटतं आपण आता थांबवावं," तो म्हणाला.

"काय थांबवावं?"

"हे. आपलं."

मी विचारलं, दुसरं कुणी आहे का. नाही म्हणाला. भांडण तर आमचं कधी नव्हतंच. "मी सोलापूरला येतो तेव्हा पाहुणा असतो," तो म्हणाला, "आणि तू इकडे येतेस तेव्हा घड्याळाकडे बघत असतेस." ते खरं होतं, त्याचाच मला जास्त राग आला. घंटा झाली. सातवीच्या वर्गात जाऊन मी अपूर्णांकांचा भागाकार शिकवला आणि फळ्यावरचं एक उदाहरण चुकवलं.

आत्यांना सांगितलं नाही. सांगायचं काय, तेच ठरेना. कपाटं आवरली, त्याच वह्या दुसऱ्यांदा तपासल्या, शाळा सुटल्यावर घरी न जाता तलावाच्या काठाने चालत राहिले. जेवताना हातातला घास तसाच राहायचा. खुर्चीत बसलं की कुठेतरी पोचायला उशीर होतोय असं वाटायचं, आणि जायचं तर कुठेच नसायचं.

अशा अवस्थेत मी त्या रविवारी टीव्हीपुढे बसले. नायिका तीच होती, वय झालेली, पण तीच. नायक मात्र बदललेला.

"ह्यो कोण?" आत्यांनी विचारलं.

"तोच आहे, आत्या. नट दुसरा घेतलाय."

"आसं कसं? ती तर तीच हाय की."

दहाव्या मिनिटाला कळलं की त्या दोघांनी लग्न केलं होतं, आणि आता ते वेगळे राहतात. एक मुलगी आहे, तिला स्केटिंग शिकायचं आहे, म्हणून त्यांना पुन्हा एकाच मैदानावर यावं लागतं. आत्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"येगळी झाली? कवा? आपल्याला कुनी सांगितलं न्हाई ते."

मी उठले आणि गॅस बघायला गेले.

दुसरा भाग वाईट होता असं मी म्हणणार नाही. बर्फ जास्त सुंदर होता, गोठलेलं तळं वरून, पाखराच्या डोळ्यांनी दाखवलं होतं. नाचही जास्त सफाईदार होता. पण पहिल्या भागातली माणसं पडायची आणि आपल्याला लागायचं, इथे कुणी पडेल अशी भीतीच वाटेना. सगळेजण बोलत होते. पहिल्या सिनेमाने जे एका हातावर भागवलं होतं, त्यासाठी इथे चार-चार मिनिटं भाषणं होती. मला वाटतं पहिल्या भागाला एक सोय असते, तो लग्नाआधी संपतो. त्यानंतरचं दाखवणं अवघड. दुसऱ्याने निदान त्यांना वेगळं करायचं धाडस केलं होतं. मला बघायचं होतं की आता हे दोघं एका बाकावर कसे बसतात, एकमेकांना चहा विचारतात का. ते सोडून सिनेमा भांडण लावून बसला.

त्या भांडणातच आत्यांनी रिमोट दाबला. नायकाचं तोंड उघडं राहिलं.

"तुला काय झालंय?" त्या म्हणाल्या. "पंदरा दिस झालं बगतीया मी. त्यानं काय म्हनलं का?"

मी सांगितलं. पाच-सहा वाक्यांत झालं, त्याहून जास्त नव्हतंच.

"दुसरी कोन हाय?"

"नाही म्हणतात."

"मारलं का कदी?"

"नाही हो आत्या."

"मग?"

"मग काही नाही. तेच तर आहे."

आत्यांनी शेंगांची टरफलं ताटलीत गोळा केली. मला वाटलं आता रडतील, किंवा मला बोलतील. त्या म्हणाल्या, "लाव फुडं. काय करत्यात बगू दोगं."

दोघांनी काय केलं, तर मुलगी सरावात पडली, दोन बाजूंनी आईबाप धावत आले, तिच्या अंगावर वाकताना त्यांची डोकी एकमेकांना लागली, वरून बर्फ पडायला लागला. मुलीला सुवर्णपदक आणि हे दोघं पुन्हा एकत्र. आत्यांनी टीव्ही बंद केला.

"खोटं हाय," त्या म्हणाल्या. "इतकी वरसं येगळी ऱ्हायलेली मानसं आशी जवळ येत्यात व्हय?"

मीही सिनेमाला नावं ठेवली. पण शेवटच्या दहा मिनिटांत माझ्या डोळ्यांना धार लागली होती, आणि त्याची मला लाज वाटत होती. जे इतकं कच्चं होतं त्यावर माझा विश्वास बसायला बघत होता.

पुढच्या शनिवारी आत्या पहाटेच अंघोळ करून तयार बसल्या. "पुन्याला जायचं," म्हणाल्या. एसटी टेंभुर्णीला चहासाठी थांबली. गुडघ्यामुळे त्या उतरल्या नाहीत, मी चहा खिडकीतून दिला. "मी त्याला वडून आनाय न्हाई चालले," त्या म्हणाल्या. "मला त्याचं त्वांड बगायचंय."

नवऱ्याचं घर नेहमीसारखंच नीटनेटकं होतं. फक्त बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकवून एक सायकल उभी होती, चांगली भारीतली, चाकांना चिखल लागलेला.

"तुम्ही सायकल चालवता?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाली. रोज सकाळी."

मी गेल्या दिवाळीत तिथे चार दिवस राहिले होते. तेव्हाही असेल ती, खाली लावलेली. मी विचारलं नव्हतं, त्याने सांगितलं नव्हतं.

चहा त्यानेच केला. आत्यांनी कप हातातही घेतला नाही. "हिच्यात काय कमी दिसलं तुला?"

"काही नाही, आई."

"मग का?"

"आम्हाला एकमेकांची सवयच लागली नाही गं."

आत्या माझ्याकडे वळल्या. मी काहीतरी बोलावं, त्याला अडवावं, असं त्यांना वाटत होतं. मी तोंड उघडलं आणि माझ्याच कानांवर आलं, "माझंही तसंच आहे, आत्या." इतके दिवस जो राग मी धरून बसले होते तो त्या क्षणी कुठे गेला ते समजलं नाही. त्याच्या जागी मोठी पोकळी आली, आणि पायांना पुन्हा चालावंसं वाटायला लागलं. तिथल्या गॅलरीत मी चार येरझाऱ्या घातल्या. खाली कुणीतरी गाडी धूत होतं.

निघताना तो आत्यांना म्हणाला, "आई, तू इकडे ये राहायला." त्या "बगू" म्हणाल्या. गेल्याही, बारा दिवस राहिल्या, आणि परत आल्या. "तितं दारं बंद आसत्यात सगळ्यांची," एवढंच सांगितलं. वैरागहून फोन येतात, सोडून चाललेल्या सुनेकडं कशाला राहतीस म्हणून. त्या ऐकून घेतात आणि फोन ठेवतात. मला त्या राहा म्हणत नाहीत, जा म्हणत नाहीत. घर त्यांच्या नावावर आहे. मी शाळेच्या जवळ एक खोली बघून ठेवली आहे, अजून हो म्हटलेलं नाही. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला.

दोघांच्या संमतीने घटस्फोटाचे कागद झाले आहेत. पुढच्या महिन्यात कोर्टाची तारीख आहे, नवरा सकाळच्या गाडीने येणार आहे. काल भाजी निवडता निवडता आत्या म्हणाल्या, "मी बी येनार हाय कोर्टात."

"गुडघ्याला जिने झेपतील का?"

"झेपत्याल." मेथीची जुडी त्यांनी संपवली, देठं बाजूला केली. मग विचारलं, "पर तितं मी बसायचं कुनाच्या बाजूला गं?"

मी म्हटलं, "बाहेर बाकडं असतं म्हणे."

"मग बाहीर बसंन," त्या म्हणाल्या, आणि पाण्याची बाटली आठवणीने घ्यायला सांगितली.