वाघमोडे सरांच्या नावाचं कपाट

दुपारचं जेवण जरा जड झालंय, आणि बोटांना खळ तशीच चिकटलेली असताना कलाबाईंचे डोळे मिटायला लागतात. झोप म्हणावी तर अजून लागलेली नाही. बाहेर भंगारवाला ओरडतोय ते ऐकू येतंय, शेजारच्या कुकरची शिट्टीही ऐकू येतेय, पण हातातलं लेबल कुठं चिकटवायचं ते काही केल्या आठवत नाही. समोर पुस्तकांचे गठ्ठे आहेत. त्यांच्याकडं कलाबाईंना सकाळपासून बघवत नाहीये.

झालंय असं, की कलाबाईंचे यजमान वाघमोडे सर जाऊन वर्ष होतंय. गावच्या हायस्कुलात त्यांनी जन्मभर इतिहास शिकवला. मुलानं त्यांच्या आठवणीसाठी वाचनालयाला काचेचं कपाट दिलं आणि वरच्या पट्टीवर 'कै. जनार्दन वाघमोडे स्मृती कपाट, जगाचा इतिहास' असं रंगवून घेतलं. आज संध्याकाळी त्याचं उद्घाटन आहे. पुस्तकं आणायचं काम वाचनालयाचे चिटणीस गुंजाळ यांनी हौसेनं अंगावर घेतलं. गुंजाळ धावपळीला चांगले, पण पुस्तकात आणि विटेत त्यांना फरक एवढाच कळतो की वीट जास्त जड असते. त्यांनी कपाटाचे कप्पे टेपनं मोजले, मापं दुकानदाराला फोनवर सांगितली आणि तेवढ्या लांबीचा जगाचा इतिहास मागवला. फोटोत कपाट भरलेलं दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. निव्वळ खोगीरभरती, दुसरं काय!

कलाबाईंना हे पटलं होतं असं मुळीच नाही. गठ्ठे लेबलं लावायला घरी आले तेव्हाच त्यांनी दोन-चार पुस्तकं उघडून बघितली होती आणि शी म्हणून मिटली होती. सरांची स्वतःची पुस्तकं पलंगाखालच्या ट्रंकेत आहेत, ती त्यांनी गुंजाळांना काढून दाखवली. गुंजाळांनी एक पान उलटलं आणि नाक मुरडलं. पानांवर ठिकठिकाणी तपकिरी डाग. सरांना एकच व्यसन होतं, तपकिरीचं. वाचताना शंका आली की अंगठा आधी डबीत जायचा आणि मग त्या ओळीवर. म्हणून सरांच्या पुस्तकात जिथं डाग, तिथं त्यांचा लेखकाशी वाद, हे शाळेतल्या पोरांनासुद्धा ठाऊक होतं. पण गुंजाळ म्हणाले, सिस्टर, नव्या कपाटात ही बरी दिसायची नाहीत. कलाबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, त्यामुळं गाव त्यांना अजून सिस्टरच म्हणतं. आता लोक यायचेत, मंडप घातलाय, कुठं वाद घालत बसायचं, असं म्हणून त्या गप्प बसल्या. आणि सकाळपासून एकेका पुस्तकाच्या पहिल्या पानावर नवऱ्याचं नाव चिकटवतायत.

'हे कुणी आणलं गं घरात?'

समोरच्या खुर्चीत सर बसलेत. अंगात बनियन, मांडीवर गठ्ठ्यातलं सगळ्यात जाडजूड पुस्तक. ते गेलेत हे कलाबाईंना पक्कं माहीत आहे, पण त्याचं नवल काही वाटत नाही. चहाला दूध उरलंय का, एवढंच आधी मनात येतं.

'घरात नाही हो ठेवायचं,' कलाबाई म्हणतात. 'वाचनालयात जायचंय. तुमच्या नावानं.'

सर पुस्तक नाकाशी नेतात आणि लगेच लांब धरतात. कव्हरवर पिरॅमिड आहे, पिरॅमिडवर तलवार आहे आणि तलवारीमागून रॉकेट उडतंय. वांगी घेताना माणूस आधी देठ बघतो, तसं सर नेहमीसारखं पुस्तक मागून उघडतात. हे सगळं या माणसाला कुठून कळलं, कुठली कागदपत्रं पाहिली, कुणाचं वाचलं, ते मागं लिहिलेलं असायला हवं. तिथं आहे शेळीपालनाच्या पुस्तकाची जाहिरात. सर लेखकाचा फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघतात. याच गृहस्थानं लोणच्यांवर लिहिलंय, शेअर बाजारावर लिहिलंय आणि आता जगावरही लिहून मोकळा झालाय. उचलली जीभ लावली टाळ्याला. सर हे असं काही पुटपुटतात आणि पुढं जे म्हणतात ते इथं सांगण्यासारखं नाही.

कलाबाई चहा टाकायला म्हणून स्वयंपाकघरात जातात, तर तिथं दवाखान्याचा वॉर्ड आहे. त्यांच्या अंगावर पांढरी साडी आहे. दोन्ही बाजूंना खाटा, खाटांवर लाल ब्लँकेटं, आणि ब्लँकेटांखाली एकेक पुस्तक. वॉर्डात वास मारतोय. हा वास कलाबाईंच्या ओळखीचा आहे. जुलाबाच्या साथीत फिनेल कितीही ओतलं तरी तो जात नसे. सर हात मागं बांधून राउंड घेतायत, आणि कलाबाई ब्लँकेट वर करून एकेक पुस्तक दाखवतायत. पहिल्यात जी चूक, तीच दुसऱ्यात. कुठल्याशा लढाईत बुडालेल्या जहाजांचा तोच चुकीचा आकडा, तोच राजा बापाच्या आधी जन्मलेला, वाक्यंसुद्धा तीच.

'इतकी पुस्तकं एकच सांगतात म्हणजे खरंही असेल की,' कलाबाई म्हणायचं म्हणून म्हणतात.

'तुझ्याकडं एका आळीतले सगळे जुलाब घेऊन आले की तू काय म्हणायचीस?'

'नळ बघा म्हणायचे.'

सर मान हलवतात. कलाबाईंना मग लख्ख दिसतं. सगळे एकाच घाण नळाचं पाणी प्यालेत. एकानं दुसऱ्याचं उतरवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं, आणि मूळ नळ कुठला ते बघायला कुणी गेलंच नाही. त्यांना इतकी किळस येते की त्या साडीला हात पुसायला लागतात. खळ काही निघत नाही.

सर जाड पुस्तक अजून काखेत घेऊनच आहेत. ते मधलं एक पान काढून कलाबाईंपुढं धरतात. चौदाव्या शतकात युरोपात प्लेग आला, तेव्हा तिथल्या राजानं गावोगाव लोकांना इंजेक्शनं टोचली, असं त्यात ठणकावून लिहिलंय.

'सुया कुणी उकळल्या?' सर विचारतात. 'तू होतीस का ड्यूटीला?'

कलाबाईंना हसू येतं. इतका वेळ आवरलेलं येतं, चांगलं डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सर हसत नाहीत.

'हे पान तू सकाळी वाचलंस.'

'वाचलं.'

'मग?'

'मग लेबल लावलं,' कलाबाई म्हणतात, आणि त्यांचं हसू जिथल्या तिथं थांबतं.

सर खाटेच्या कडेवर बसतात. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती, आताही चढवत नाहीत. जगाचं आपल्याला काय ठाऊक, ते म्हणतात, पण जे थोडंफार ठाऊक असतं त्याचं पान आधी काढायचं. तू दवाखान्याचं काढ, शेतकऱ्यानं शेतीचं काढावं. तिथंच माणूस बेधडक खोटं बोलत असेल, तर जिथलं आपल्याला ठाऊक नाही तिथं त्यानं काय दिवे लावले असतील? आणि 'हे नक्की माहीत नाही' असं ज्या पुस्तकात एकदाही येत नाही, ते सरळ मिटून ठेवावं. माझ्या ट्रंकेतली दोन पुस्तकं बघ, एक जिंकलेल्यांच्या बाजूनं लिहिलेलं आणि एक हरलेल्यांच्या. सवतींसारखी भांडतात. त्यांचं भांडण ऐकता ऐकताच मला थोडंफार कळलं.

एवढं बोलून ते पुस्तक मिटतात.

'मी पोरांना जन्मभर एकच शिकवलं, कशावरून म्हणून विचारा. आता पोरं या कपाटापाशी येतील आणि नेमकं तेच विचारणार नाहीत. का, तर वर वाघमोडे लिहिलंय.'

कलाबाई खाटेकडं वळतात. ब्लँकेट नीट करावं म्हणून त्या वाकतात, तर हाताला वाळू लागते. नदीचा काठ आहे. खाट नाही, वॉर्ड नाही, ऊन मात्र दुपारचंच आहे. वाळूत पत्रावळ मांडलीय, आणि पिंडाच्या जागी ते जाड पुस्तक ठेवलंय. त्याच्यावर काळे तीळ आहेत, फूल आहे. गुंजाळ सोवळं नेसून पुढं बसलेत, त्यांच्या ताटात फीत कापायची कात्री आहे. मागं पाहुणे फेटे बांधून उभे आहेत आणि घड्याळं बघतायत. सर कलाबाईंशेजारीच वाळूत मांडी घालून बसलेत आणि बाभळीवरच्या कावळ्यांकडं बघतायत.

कावळा काही शिवत नाही.

इच्छा राहिली असेल काहीतरी, बोला सिस्टर, असं गुंजाळ म्हणतात. कलाबाई हात जोडून बोलायला लागतात. मुलाचं सगळं नीट बघीन. घराला रंग काढीन. तुमच्या बहिणीशी अबोला सोडीन. हे शेवटचं बोलताना त्यांच्या जिवावर येतं, तरी बोलतात. कावळे ढिम्म. एक तेवढा खाली उतरतो, तुरुतुरु चालत येतो, मान वाकडी करून एका डोळ्यानं तो पिरॅमिड, ती तलवार आणि ते रॉकेट बघतो. मग मागं फिरतो आणि चोच वाळूत घासून घासून पुसतो. त्यानं पुस्तकाला चोच लावलेलीसुद्धा नाही.

'तिकडं आहेत का हो पुस्तकं?' कलाबाई हळूच विचारतात.

'कशाला लागतायत? सगळे साक्षीदारच हजर आहेत,' सर म्हणतात. 'भांडणं मात्र फार.'

मागं पाहुण्यांची चुळबुळ वाढते. गुंजाळ घाम पुसतात आणि दर्भाची काडी उचलतात. कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवायचा, ही रीतच आहे. ते भराभर गाठ मारतात, काडीला चोच काढतात आणि कलाबाईंच्या कानाशी येऊन सांगतात, आपण हा शिववून टाकू, फोटोत काय कळतंय.

कलाबाईंच्या डोक्यात तिडीक जाते. घाण पुस्तक, त्याच्यावर नवऱ्याचं नाव, आणि आता त्याला शिवायला गवताचा कावळा. या सगळ्यात आपला हात आहे, आपल्याच बोटांना खळ आहे, याचीच त्यांना जास्त किळस येते.

'उचला ते तिथनं,' त्या म्हणतात.

'अहो पण सिस्टर, मग ठेवायचं काय?'

'काही ठेवू नका.'

सर पुढं वाकतात. जिभेला अंगठा लावतात, पुस्तकाचं पहिलं पान उघडतात आणि स्वतःच्या नावाचं लेबल एका कोपऱ्यातनं धरून अलगद सोलून काढतात. ते कलाबाईंच्या तळहातावर ठेवतात आणि वरून अंगठा दाबतात. अंगठा गरम लागतो.

'एवढं माझं आहे,' ते म्हणतात. 'हे सांभाळ.'

गुंजाळ पुस्तक काखेत मारून वाळू तुडवत निघून जातात. पत्रावळीवर आता चार तीळ आणि फूल, बाकी काही नाही. बाभळीवरून कावळा सरळ झेपावतो आणि त्या रिकाम्या पत्रावळीला शिवतो. कलाबाई आनंदानं शेजारी वळतात. त्यांना सरांना बरंच काही विचारायचंय, तब्येतीचं, जेवणाचं, एकटं वाटतं का ते. शेजारच्या वाळूत बसल्याची खूण आहे, आणि बेल वाजतेय.

बेल दाराची आहे. बाहेर टेम्पो घरघरतोय, म्हणजे गुंजाळ पुस्तकं न्यायला आले. कलाबाई खुर्चीतनं उठतात, मान अवघडलीय. कडी काढायला हात पुढं करतात तेव्हा तळहाताला चिकटलेलं लेबल दिसतं. खळ ओली होती, हातातलंच झोपेत चिकटलं असेल, असं कुणीही म्हणेल. त्याही तेच म्हणणार होत्या. पण लेबलावर, 'कै.' या अक्षराच्या बरोबर वर, एक तपकिरी अंगठा उठलाय. डबी तर सरांबरोबरच चितेवर ठेवली होती, त्यांनी स्वतःच्या हातानं. वर्षभर या घरात तपकीर नाही.

गुंजाळ आत येतात, झालं ना सगळं म्हणून विचारतात आणि गठ्ठ्यांना हात घालतात. कलाबाई त्यांना थांबवतात. ही सगळी दुकानदाराला परत पाठवा म्हणतात. लेबलं तेवढी मी काढून घेते. मग पलंगाखालची ट्रंक ओढून सरांची सहा-सात पुस्तकं बाहेर काढतात, डागांसकट, आणि टेबलावर मांडतात. गुंजाळांचा चेहरा रडवेला होतो. पाहुणे निघालेत, फोटोवाला येऊन बसलाय, कपाट रिकामं दिसेल हो सिस्टर, असं ते परत परत सांगतात.

'दिसू दे,' कलाबाई म्हणतात. 'सर तरी फोटोत कधी बरे दिसायचे?'

त्या वरचं पुस्तक उघडतात आणि तळहातावरचं लेबल पहिल्या पानावर नीट बसवतात, अंगठ्यासकट. नव्यानं खळ लावायची गरज पडत नाही. हा डाग कसला म्हणून गुंजाळ वाकून बघायला जातात, अगदी नाक टेकेपर्यंत.

आणि एकामागून एक शिंकत सुटतात.