छुईची भिंत

झाडू मडावीच्या आधीची दोन लेकरं दगावली, म्हणून तो जन्मला तेव्हा आईने त्याला सुपात घालून झाडूने उकिरड्याकडे लोटलं आणि शेजारणीने उचलून परत दिलं. टाकून दिलेल्या पोराकडे काळ बघत नाही म्हणतात. खरंच बघितलं नाही. पंचावन्न वर्षांनी त्याच्या बायकोकडे बघितलं.

धनवंताच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, तेही गोंदियाला. सालेकसाच्या जंगलातल्या टोल्यावरून, म्हणजे छोट्या वस्तीवरून, स्टेशन गाठेपर्यंतच ती अर्धी व्हायची. शेवटी झाडूने दोन बकऱ्या विकल्या, त्यात तेंदूपत्त्याचे पैसे घातले आणि गोंदियात दुलीचंदशेठची एक खोली घेतली. डिपॉझिट आठ हजार. खोली सोडताना परत, असं शेठने कबूल केलं. झाडू राईस मिलमध्ये पोती उचलायला लागला.

दिवाळी आली. खोलीला हिरवा डिस्टेंपर होता, चांगला होता, पण धनवंताला करमेना. सणाला भिंती पोतल्या नाहीत तर घरात कोणी बाई उरली नाही असंच लोक समजतात. तिने गावच्या एका बाईकडून छुई मागवली, म्हणजे भिंतीला लावायची पांढरी माती. डायलिसिसच्या सुया लागणाऱ्या हाताला जोर द्यायची मनाई होती. मग तिने दुसऱ्या एकाच हाताने, बसत-उठत, दोन दिवसांत चारी भिंती पोतल्या. राहत्या घराला माती लावली म्हणून कोणी रागावेल, हे त्या बिचाऱ्यांना कुठून कळणार!

मिलमधून आलेला झाडू मात्र खेकसला, "कायले मरून राहिली वं? आपलं घर हाये का थे?"

"राह्यतो तं आपलंच," ती म्हणाली.

पौषात ती गेली. तेव्हापासून 'आपलं घर हाये का थे' हे स्वतःचेच शब्द झाडूच्या जिवाला कुरतडत राहिले.

आता तिच्या दिवसाचं जेवण घालायचं होतं. सगेसोयरे जेवल्याशिवाय धनवंता घरच्या देवांत मिसळणार नव्हती, तशीच बाहेर ताटकळत राहणार होती. पैसा म्हणावा तर ते आठ हजारच. झाडू किल्ली घेऊन शेठकडे गेला. शेठ खोली बघायला आला आणि दारातच थबकला.

"अरे, पूरी दीवार मिट्टी कर दी! नवा किरायेदार येईल का असल्या खोलीत?"

"सणाचं पोतलन जी तिनं. चांगल्यासाठी."

"पेंटर आठ हजार मागेल. तुला काय देऊ मी?"

दुलीचंदशेठ वाईट माणूस नव्हता, हीच तर अडचण. वाईट असता तर झाडूला चार शिव्या देता आल्या असत्या. शेठने जरा विचार केला आणि आपल्या परीने मार्ग काढला. "देख झाडू, तूच खरवडून धुऊन दे. खालचा रंग निघाला की पूरे पैसे ले जा."

आणि त्याने स्वतःच्या घरातून खरवडणी आणून दिली.

झाडू बराच वेळ भिंतीसमोर उभा राहिला. मातीत बोटांचे फराटे दिसत होते, एकाशेजारी एक, कमानीसारखे. तिचा हात पोचला तेवढ्याच उंचीपर्यंत माती होती. खिडकीजवळ ती आणखी खाली आली होती. तिथे तिला उभं राहवलं नसेल. तेव्हा मी खेकसण्याऐवजी छुईची वाटी धरून उभा राहिलो असतो तर काय बिघडलं असतं, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःची किळस आली. पण ती बाहेर ताटकळली होती. त्याने खरवडणी लावली. खिडकीजवळचा भाग त्याने सगळ्यात शेवटी काढला.

संध्याकाळी भिंती धुऊन हिरव्या झाल्या. शेठने बोलल्याप्रमाणे पुरे आठ हजार हातावर ठेवले, एक रुपया कापला नाही. मग त्याचं लक्ष झाडूच्या खांद्यावरच्या पोत्याकडे गेलं.

"इसमें क्या है?"

"माती हाये जी, भिंतीची. तुमच्या कामाची नाही थे."

शेठने खोलीला कुलूप लावलं.

गावी आल्यावर झाडूने ती माती भिजवली आणि घराची दर्शनी भिंत स्वतः पोतली. आयुष्यात हे काम त्याने कधी केलं नव्हतं. कुठे थर जाड झाला, कुठे खालचा कूड दिसत राहिला. फराटे काही तिच्यासारखे उठेनात.

दिवसाचं जेवण पार पडलं. मंडळी पोटभर जेवली, धनवंताचं नाव घेतलं. हात धुताना बायकांची नजर भिंतीवर गेली आणि दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या.

"आडवंतिडवं कोणं पोतलन जी हे?" त्यांच्यातल्या सुशीलाबाईने विचारलं.

झाडू पत्रावळी उचलत होता. मान वर न करता म्हणाला, "धनवंतानं."