पंचमाचा मध्यम करताना

गोराईहून येणारे तबल्याचे काका नसते, तर आज बाईंच्या मागे तानपुरा घेऊन मी बसले नसते. हे आधी सांगते, बाकीचं नंतर.

आठवीत शाळा सुटली आणि यवतमाळकडचं गाव सोडून मी मुलुंडला एका घरी स्वयंपाकाला आले. त्याच इमारतीत गाणं शिकवणाऱ्या बाई राहतात. त्यांनी मला शिकवायला घेतलं, वर तानपुऱ्याच्या साथीलाही. पण मालाडच्या बैठकीला निघताना म्हणाल्या, "आज गडबड केलीस तर पुढच्या वेळी मोबाइलवरचा तानपुरा लावीन हं. त्याला घाम तरी फुटत नाही." हसून म्हणाल्या, पण मी वाटेत दोनदा तारा तपासल्या.

यमन छान झाला. मग बाई लोकांना सांगू लागल्या, "आता आभोगी. हा राग दक्षिणेकडून आपल्याकडे आला, पण इथली आलापी, इथला ठहराव घेऊन इथलाच होऊन गेला." आभोगीत पंचम नाही. म्हणजे तानपुऱ्याची पहिली तार पंचमावरून खाली मध्यमावर आणायची. घरी रोज करते. पण बोटं घामेजलेली, खुंटी सटकली आणि तार पार ढिली पडली. ओढली तर जास्तच चढली. पुढून एक आजोबा म्हणालेच, "पोरी, लावतेस की तोडतेस?"

बाईंचं बोलणं संपलं. त्यांनी मागे वळून पाहिलं. माझे कानच बंद झाले. मध्यम कुठे असतो तेच आठवेना.

तेवढ्यात काकांनी हातोडी उचलली. "बाई, एक मिनिट. तबला उतरलाय."

तबला मुळीच उतरला नव्हता. काका उगाच ठोकत राहिले आणि मान खाली घालून माझ्यापुरता मध्यम गुणगुणत राहिले. मधेच पुटपुटले, "घाई नको गं. मी ठोकतोय तोवर लोक मलाच शिव्या देतील."

तार जागेवर आली. बाईंनी डोळे मिटून षड्ज लावला, तेव्हा कुठे मी श्वास घेतला.

नंतर चहा पिताना बाई म्हणाल्या, "बोरिवलीला साडी जरा हलकी नेस." म्हणजे बोरिवलीच्या बैठकीलाही मीच. मी काकांना विचारलं, "तुम्ही एकटे का नाही वाजवत?"

"मला कोण बोलावणार? आणि लेहरा कोण धरणार, तू?"

लेहरा म्हणजे तबला एकटा वाजतो तेव्हा पेटीवर एकच ओळ न ढळता वाजवत राहायची. मी पेटी शिकायला घेतलीय. लय अजून धावते. पण काका एकटे वाजवायला बसतील त्या दिवशी त्यांचा लेहरा मीच धरीन.